साइक्सच्या यादीतले चार पक्षी : शिळाछाप आणि हातरंग

२ जून

काम ठरलं ते आधी लिहून ठेवते. चार पक्षी. प्रत्येकाचं चित्र दगडावर काढायचं, शिळाछापाने काळ्या शाईत छापायचं आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची. प्रत्येकी पंचवीस, म्हणजे एकूण शंभर ताव. दिवाळीनंतर सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर ते लावायचे. मंडळी तीन: रेषा माझ्याकडे, रंग माझ्या मावसबहिणीकडे (ती शाळेत चित्रकला शिकवते), आणि छपाई एका निवृत्त छापखानेवाल्या काकांकडे. त्यांच्याकडचा हाताने चालवायचा लिथो प्रेस आणि दगड अजून शाबूत आहेत.

पक्षी निवडले ते विल्यम हेन्री साइक्स यांच्या यादीतून. हे गृहस्थ मुंबई सरकारचे सांख्यिकी अहवालकार म्हणून १८२४ पासून दख्खनभर फिरले. जमीन, पिकं, हवामान, लोकसंख्या यांची मोजदाद हे त्यांचं कामाचं पान, आणि त्याच पानाच्या समासात पक्षी. १८३१ मध्ये ते विलायतेला परतले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या (प्राणिशास्त्राच्या संस्थेच्या) छापील कामकाजात दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध झाली. राखी वटवट्या, राखी सातभाई, वंचक आणि दगडी लावा, या चौघांची शास्त्राशी पहिली नोंदलेली ओळख त्या यादीतली.

यादीत चित्र मात्र एकही नाही. सोसायटीच्या त्या कामकाजाला चित्रं जोडायला १८४८ साल उजाडलं. तेव्हा आम्ही करतोय ते एका अर्थी राहून गेलेलं काम.

मावसबहिणीने यादी पाहिल्या पाहिल्या तोंड वाकडं केलं. “अगं, यात एक तरी रंगीत पक्षी घे की. खंड्या, नीलपंख, काहीतरी. हे सगळे मातीत लोळून आल्यासारखे.” तिचं म्हणणं खोटं नाही. पण मला हेच चार हवेत, आणि का हवेत ते काम पुढे सरकेल तसं लिहीन.

५ जून

तांबं की दगड, यावर आज थोडा वाद झाला. काकांचा विचारण्याचा हक्क होता, कारण श्रम त्यांचे.

ऑडुबॉन या पक्षिचित्रकाराच्या ‘अमेरिकेतले पक्षी’ या चित्रसंग्रहातले (१८२७ ते १८३८, ४३५ चित्रं) पक्षी तांब्याच्या पत्र्यावरचे. मूळ चित्र ऑडुबॉनचं, पण पत्रा कोरणारा दुसराच. पहिली दहा चित्रं एडिंबरोच्या लिझार्सने कोरली. मग त्याच्याकडच्या रंगवणाऱ्या कामगारांनी संप केला आणि सगळं काम लंडनच्या हॅवेलकडे गेलं. पक्षिचित्रांच्या इतिहासात रंगवणारे लोक ठळकपणे दिसतात ते असे, काम थांबवल्यावर. हॅवेलकडे पुढे पन्नासएक माणसं नुसती रंगवायला होती म्हणतात. पावणेदोनशे संच धरले तरी ७६ हजारांवर ताव होतात, आणि प्रत्येक तावावर कुणीतरी कुंचला फिरवला आहे.

दगडाची सोय वेगळी. चरबीयुक्त खडूने चित्रकार थेट दगडावर काढतो, मध्ये कोरणारा लागत नाही. म्हणून जॉन गूल्ड या लंडनच्या पक्षितज्ज्ञाने हिमालयातले शंभर पक्षी ८० चित्रांत छापायला घेतले (१८३१-३२), तेव्हा त्याची बायको एलिझाबेथ ती चित्रं दगडावर स्वतः काढू शकली. पिसाचा मऊपणाही दगडाच्या कणीतून फार छान येतो. तांब्यात प्रत्येक पीस रेघांनी बांधावं लागतं.

काकांना हे सगळं पटलंच होतं, त्यांना फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी आपली भर घातली: गणपत कृष्णाजींनी मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढलं तेही १८३१ सालीच. तिकडे लंडनमध्ये मोनाल (हिमालयातला चमकदार रानकोंबडा) छापला जात होता आणि इकडे तिथी-नक्षत्रं, दोन्ही एकाच जातीच्या दगडावरून. मला हे इतकं आवडलं की वाचनालयातल्या फलकावर घ्यायचं ठरवलं.

ठरलं: दगड.

९ जून

वेताळ टेकडी, सकाळी लवकर. राखी वटवट्या. पाऊस नुकताच पडून गेलेला, त्यामुळे नर झुडपाच्या शेंड्यावर बसून ओरडतोय, लपायचं नाव नाही. पाठ राखी, पोट फिकट तांबूस-बदामी, चोच काळी. शेपटी उभी धरतो. पाय गुलाबीसर. डोळा नारिंगीकडे झुकणारा तपकिरी.

डोळ्याचा रंग दोघींनी वेगवेगळा लिहून मग ताडून पाहिला. हे प्रत्येक पक्ष्याच्या बाबतीत करायचं. कारण पुढे येईल.

१६ जून

काकांच्या गोदामात दगड घासले. पूर्वीच्या छपाईचं चित्र दगडात खोलवर उतरलेलं असतं. ते जाईपर्यंत दोन दगड एकमेकांवर ठेवून मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून घासत राहायचं. जाड पूड, मग बारीक, मग आणखी बारीक. शेवटची पूड जितकी बारीक तितकी कणी नाजूक. या एका दगडावर पूर्वी कुठल्यातरी तेलाच्या डब्याचं लेबल होतं. उलट्या अक्षरांत “शुद्ध” एवढंच वाचता आलं, मग तेही गेलं.

हे दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचे असावेत असं काका म्हणतात. शिळाछापाची युक्ती झेनेफेल्डरला १७९६ च्या सुमारास सुचली ती त्याच भागातल्या चुनखडीवर. युक्ती साधी आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. खडूने काढलेल्या भागात चरबी आहे, बाकी दगड उघडा. वर डिंक आणि किंचित तेजाबाचं पाणी फिरवलं की उघडा भाग पाणी धरून ठेवतो आणि खडूचा भाग शाई धरतो. ओल्या दगडावरून शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवायचा, चामडं लावलेल्या लाकडी पट्टीखालून ओढायचा. सांगायला एवढंच. करताना काका सारखे ओरडत होते, “ताई, पाणी! पाणी सुकतंय!”

सगळं उलटं काढायचं हे लक्षात ठेवणं वेगळंच. पक्षी डावीकडे बघायला हवा तर दगडावर उजवीकडे.

२३ जून

कागद आणला. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांचा. १९४० पासून तिथे हे काम चालू आहे, आणि माझ्या हाताला तो कागद ओळखीचा आहे. जाडी दोन प्रकारची घेतली. छपाईला कागद किंचित ओलसर लागतो, पण रंगवताना त्याने रंग ब्लॉटिंगसारखा पिऊन टाकता कामा नये. म्हणून छापून झाल्यावर जिलेटिनचं पातळ पाणी द्यायचं ठरलं. जुने इंग्लिश कागदही जिलेटिन लावूनच येत.

बाकी पावसामुळे काही वाळत नाहीये.

३० जून

पालख्या शहरात. काका दोन दिवस गोदाम उघडणार नाहीत, स्वतः दर्शनाला गेलेत.

आम्ही नदीवर. मुठेच्या काठाला वंचक, आणि आत्ताच तो पाहायला हवा. एरवी हा इतका मळकट, रेघारेघांचा पक्षी की चिखलात उभा असला तर पाय पडेपर्यंत दिसत नाही, उडाला की मात्र एकदम पांढरे पंख उघडतात. विणीच्या दिवसांत पाठ गडद किरमिजी होते, मान-डोकं पिवळसर बदामी, डोक्यामागे लांब पिसं. चोचीच्या मुळाशी निळसर झाक. आणि काही पक्ष्यांचे पाय चक्क लाल, एरवी असतात मळकट हिरवट-पिवळे.

हा लाल पाय माझ्या सगळ्या खटाटोपाचं कारण म्हणायला हरकत नाही. पक्षी मारून कातडं सोललं, आत आर्सेनिकचा साबण लावला, कापूस भरला, की पिसांचा रंग बऱ्यापैकी टिकतो. डोळा तर काढूनच टाकलेला असतो, तिथे कापूस. चोच आणि पाय वाळले की तपकिरी-काळपट होतात. म्हणजे जहाजातून महिनोन्‌महिने प्रवास करून लंडनला पोचलेल्या कातड्यावरून चित्र काढणाऱ्याला डोळा, चोच, पाय आणि उघडी कातडी, एवढ्यांचा रंग दिसतच नाही. कुणी टिपून पाठवला असेल तर ठीक. नाहीतर अंदाज.

एलिझाबेथ गूल्डने हिमालयाचे पक्षी काढले ते अशाच कातड्यांवरून. तिची रेषा मला फार आवडते. पण त्या पुस्तकातला एखादा डोळा पाहिला की मी स्वतःला विचारते, हा रंग कुणी पाहिला होता?

याच्या उलट एडवर्ड लिअर. अठरा वर्षांचा पोरगा, झूऑलॉजिकल सोसायटीच्या बागेत जाऊन जिवंत पोपट समोर ठेवून काढायचा, पक्ष्याची मापं घ्यायचा, कच्च्या चित्राच्या कडेला रंगांचे फटके मारून ठेवायचा. १८३० ते १८३२ मध्ये त्याने पोपटांची ४२ चित्रं काढली, १७५ प्रती छापल्या आणि पुढे कुणी छापू नये म्हणून दगडांवरची चित्रं पुसून टाकली. त्याच्या पोपटांची नजर माणसाला तोलते. कातड्यावरून ती नजर येत नाही.

मावसबहीण म्हणाली, “म्हणजे तुझ्या मते लिअर गूल्डबाईंपेक्षा मोठा?” तसं नाही. तिला कातडं मिळालं, त्याला पक्षी मिळाला. फरक तिथे पडतो.

७ जुलै

रविवार, जुना बाजार. एका टपरीवर जुन्या फ्रेममध्ये मोनालची जोडी. विकणारा म्हणाला, “मॅडम, ओरिजनल आहे, साहेबाच्या बंगल्यातून आलंय.” रंग हाताने दिल्यासारखे दिसत होते खरे, कागदही पिवळा.

खिशातलं भिंग काढलं. हे लिहून ठेवते, कारण वाचनालयात लोक हमखास विचारतील.

भिंगाखाली सारख्या अंतरावर ठिपक्यांची फुलं दिसली, निळा-लाल-पिवळा-काळा, तर ती आजच्या यंत्राची ऑफसेट छपाई. ठिपके आहेत पण वेडेवाकडे, एकाच जागी पाचसहा वेगळ्या रंगांचे, तर बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला रंगीत शिळाछाप, ज्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड. आणि काळ्या रेषेला खडूची खरबरीत कणी, वर मात्र रंगाचा सलग पातळ थर, जो कुठे रेषेच्या बाहेर गेलाय, कुठे आत राहिलाय, ज्याच्या कडेला रंग वाळून गडद किनार झाली आहे, तो हातरंग. तांब्याच्या छपाईला चारी बाजूंनी पत्र्याचा दाब उमटलेला असतो, दगडाच्या छपाईला तो नसतो. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकला तर त्यात कागद पांढरा दाखवणारं रसायन आहे, म्हणजे कागद साधारण १९५० नंतरचा.

एक फसवी गोष्ट राहते. जुन्या पुस्तकातला न रंगवलेला ताव घेऊन तो नंतर कुणी रंगवला असेल तर छपाई जुनी आणि रंग नवा. ते भिंगाने सांगता येत नाही, जुन्या प्रतींशी ताडून पाहावं लागतं, आणि तरीही खात्री देणं अवघड.

टपरीवरच्या मोनालवर ठिपक्यांची फुलंच फुलं होती. फ्रेम चांगली होती म्हणून घेतली.

२१ जुलै

वटवट्या आणि वंचक यांच्या पहिल्या प्रती निघाल्या. वंचकाचे दोन पक्षी एकाच तावावर: मागे साध्या पिसांतला, पुढे विणीच्या पोशाखातला. फांदी आणि लव्हाळा न रंगवता काळाच ठेवायचा. गूल्डच्या हिमालयाच्या सुरुवातीच्या प्रतींतही रंग फक्त पक्ष्याला आहे, पार्श्वभूमी कोरी. श्रम वाचतात, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही बरं दिसतं.

आता रंगाची व्यवस्था. गूल्डच्या घरात रंगवणाऱ्यांचा प्रमुख गेब्रिएल बेफील्ड. आधी एक नमुना-प्रत तयार होई, मूळ चित्रकाराला दाखवून पक्की केलेली. ती समोर टेकवून ठेवायची आणि तिच्याबरहुकूम बाकी प्रती. मोठ्या कामात एकाने एकच रंग सगळ्या तावांवर द्यायचा, ताव पुढच्याकडे सरकवायचा. त्यामुळे रंगवणाऱ्याने तो पक्षी कधी पाहिलेला नसे, बहुतेक वेळा कातडंही नाही. तो नमुना पाहून रंगवी, नमुना चित्रकाराच्या चित्रावरून, चित्र कातड्यावरून, आणि डोळ्याचा रंग (असलाच तर) हजारो मैलांवर कुणीतरी वहीत लिहिलेल्या दोन शब्दांवरून.

म्हणून माझं मत असं झालंय: या चित्रांत रेषेवर जितका विश्वास ठेवावा तितका रंगावर ठेवू नये. रेष एका माणसाची साक्ष आहे. रंग ऐकीव.

मावसबहीण रंगवणारी, तिला हे जरा लागलं. “मग मी इथे काय करतेय?” म्हणाली. मी म्हटलं, तू वेताळ टेकडीवर होतीस ना, बेफील्ड नव्हता.

२ ऑगस्ट

राखी रंग. आज दिवसभर हेच.

लोकांना वाटतं अवघड काम चमकदार पक्ष्यांचं. गूल्डने गुंजनपक्ष्यांची चित्रं छापली (१८४९ पासून पुढे, ३६० चित्रं) तेव्हा चमक यावी म्हणून सोन्याच्या वर्खावर पारदर्शक तैलरंग आणि व्हार्निश देण्याची पद्धत वापरली. ते काम कष्टाचं असेल, महाग असेल, पण फसलं तर लगेच दिसतं. लाल चुकला तर कुणालाही कळतं.

राखी चुकला तर कळतच नाही, फक्त पक्षी मरतो.

काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखी वटवट्याच्या पाठीला लावला तर तो सिमेंटचा होतो. गेल्या आठवड्यात मावसबहिणीने प्रशियन निळा आणि भाजकी सिएना (मातीचा तांबूस तपकिरी रंग) यांची वेगवेगळी प्रमाणं एका पट्टीवर करून पाहिली. निळा थोडा जास्त ठेवला आणि पातळ पाण्यात दोनदा दिला की पाठीवर पावसाळी ढगाची झाक येते, ती बरोबर बसते. सातभाईला हेच मिश्रण सिएनाकडे झुकवून. बाजारात तयार मिळणारा राखी बाजूला ठेवला.

दुसरा प्रश्न छपाईचा. हातरंगाच्या चित्रात सावली खडूची असते, रंगवणारा वर फक्त पातळ पाणी फिरवतो आणि खालची सावली त्यातून दिसते. लाल किंवा पिवळ्या पक्ष्याला हे छान जमतं. राखी पक्ष्याला काळ्या शाईची सावली दिली की वरचा राखी तिच्यातच बुडतो, पोत जातो आणि मळ दिसतो. म्हणून सातभाईसाठी दगडावर अगदी हलका हात, आणि काकांनी काळ्या शाईत थोडा पांढरा मिसळून ती करडी केली. त्यांना हे फारसं रुचलं नाही, “शाई काळीच असते” म्हणाले, पण प्रत निघाल्यावर गप्प बसले, आणि काका गप्प बसले की समजावं.

साइक्सचे पक्षी मला का हवे होते त्याचं उत्तर इथे आहे. दख्खनच्या माळावरचा पक्षी माळाच्याच रंगाचा. मोनाल, पोपट, मोर यांना चित्रकार मिळाले, वर्गणीदार मिळाले, सोन्याचा वर्ख मिळाला. ज्या काळात चित्रांचं पुस्तक हप्त्याहप्त्याने वर्गणीवर विकलं जाई, त्या काळात मळकट सातभाईसाठी कोण गिनी मोजणार? मद्रासला जर्डन या पक्षितज्ज्ञाने १८४३ ते १८४७ मध्ये पक्ष्यांची ५० चित्रं काढवली, भारतीय चित्रकारांकडून, आणि मुख्यतः दक्षिणेतले, आधी चित्र न झालेले पक्षी घेतले. म्हणून जर्डनविषयी मला जास्त जिव्हाळा आहे.

१४ ऑगस्ट

डिंक संपला. वंचकाच्या पाठीच्या किरमिजीला आणि प्रत्येक डोळ्याला डिंकाचं पाणी द्यायचं, त्याने गडद रंग खोल दिसतो आणि डोळा ओला. जुन्या चित्रांत तिरकं धरून पाहिलं की ही चमक दिसते. रविवार पेठेतल्या दुकानदाराने विचारलं, “लाडू आत्ताच? थंडीला वेळ आहे अजून.” पक्ष्यांच्या डोळ्यांसाठी म्हटल्यावर त्याने पैसे घेतले आणि पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

पांढऱ्याबद्दल ठरवलं: शक्यतो कोरा कागदच पांढरा. शिशाचा सफेदा जुन्या चित्रकारांनी भरपूर वापरला आणि हवेतल्या गंधकयुक्त वायूने तो काळवंडतो. काही जुन्या चित्रांत पांढरी छाती राखाडी दिसते ती याने. पाहणाऱ्याला वाटतं पक्षीच तसा. लावाच्या पोटावरचे काळे-पांढरे पट्टेही कागद सोडूनच करायचे.

२५ ऑगस्ट

पर्वती चढून आलो. खाली सवाई माधवरावांच्या काळात शिकारखाना होता. मॅलेट हा पेशव्यांच्या दरबारातला इंग्रज वकील पुण्यात असताना गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट याने तिथले प्राणी काढले. १७९० मधलं त्याचं गेंड्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे. पुढे मॅलेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रं शिकवायची सोय झाली, जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार शिकवायला.

गंगारामाने जिवंत जनावर समोर ठेवून काढलं, साइक्स दख्खनमध्ये येण्याच्या तीसेक वर्षं आधी. ती चित्रं छापली गेली नाहीत म्हणून आम्हाला पुण्यात राहून माहीत नव्हती. ती मी संगणकाच्या पडद्यावर पाहिली. छपाईचं मोल मला इथे कळतं: हातरंगाची प्रत कितीही ऐकीव असली तरी ती पन्नास घरांत जाते.

फलकावर गंगारामाला एक परिच्छेद द्यायचा. मावसबहिणीचा आग्रह आहे की मोठा द्यावा.

९ सप्टेंबर

गणपती. पेठेत रंग वाळवायला ठेवायलाही जागा नाही आणि ढोलाने टेबल हलतं. काम बंद.

२२ सप्टेंबर

सासवडच्या बाजूला माळावर. सातभाईंचा मोठा जथा, एकमेकांवर खेकसत बाभळीतून बाभळीत. कपाळ फिकट राखी, डोळ्यापुढे गडद डाग, उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या. डोळा फिकट पिवळा. मला लिंबाच्या सालीसारखा वाटला, मावसबहिणीने “जुना मोत्याचा पिवळा” लिहिलं. दोन्ही नोंदी ठेवल्या, रंगाची पट्टी जागेवरच करून घेतली.

या सातभाईचं शास्त्रीय नाव साइक्सने माल्कमवरून ठेवलं, जॉन माल्कम, १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर. इतका भांडखोर पक्षी गव्हर्नरला द्यावा यात साइक्सचा काही टोला होता का, हा माझा आपला चावटपणा.

लावा दिसले ते परतताना, गवतातून एकदम फुर्रकन उठले आणि पुढे कोसळले. डोळे-पाय नीट पाहायला मिळाले नाहीत. नराचे पट्टे दिसले, मादी साधी तांबूस. पुन्हा यायला हवं.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. रंगवलेल्या तावांची तपासणी. वटवट्याचे सगळे ताव ओळीने भिंतीला लावले आणि लांबून पाहिले.

एकसारखे नाहीत. पावसाळ्यात रंगवलेले गार, निळसर. सप्टेंबरनंतरचे ऊबदार. कागद दमट असला की रंग जास्त वेळ ओला राहतो आणि जड कण खाली बसतात, कोरड्या हवेत ते पसरायच्या आत वाळतात. हात एकच, नमुना एकच, तरी हे.

मग गूल्डच्या ‘आशियातले पक्षी’च्या (१८५० ते १८८३, ५३० चित्रं) दोन वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या प्रती पडद्यावर शेजारी उघडल्या. एकाच चित्रात छातीचा रंग वेगळा. यातला किती फरक कुंचल्याचा, किती ऊन-दमटपणाचा आणि किती स्कॅन करणाऱ्या यंत्राचा, हे वेगळं काढायचं साधन माझ्याकडे नाही. पण ‘गूल्डच्या चित्रात हा पक्षी असा दिसतो’ असं कुणी म्हणालं की यापुढे मी विचारणार, कुठल्या प्रतीत?

यावरचा उपाय त्या काळानेच शोधला, रंगही दगडावरून छापायचा. पुण्यात चित्रशाळा प्रेस १८७८ मध्ये निघाला तो रंगीत शिळाछापाची चित्रं काढायला. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि नंतर मळवलीला आला. पक्ष्यांच्या बाबतीत ह्यूम आणि मार्शल या इंग्रज पक्षितज्ज्ञांनी हिंदुस्थानातल्या शिकारी पक्ष्यांचे तीन खंड (१८७९-८१) याच पद्धतीने छापले. प्रती सारख्या निघाल्या. पण ह्यूमला त्यातली कित्येक चित्रं पसंत नव्हती आणि ती तक्रार त्याने स्वतःच्याच पुस्तकात छापून ठेवली. हातरंगात चूक एका प्रतीत राहते. रंगीत छपाईत ती सगळ्या प्रतींत जाते, अगदी सारखी.

मावसबहिणीला निळसर ताव बाद करायचे होते. मी ठेवायला सांगितले. जून-जुलैचा वटवट्या गारच दिसतो.

२७ ऑक्टोबर

पुन्हा सासवड. लावा मिळाले, पायवाटेवर धुळीत लोळताना, चांगले पाच मिनिटं. नराचे पाय फिकट नारिंगी-लालसर. डोळा तपकिरी. गळा विटकरी. टिपलं.

१० नोव्हेंबर

चारही पूर्ण. मंगळवारी लावायचे.

राहिली होती ती खालची ओळ. गूल्डच्या तावांच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं: चित्र आणि दगडावरचं काम अमक्याचं, छपाई हुलमँडेलची. रंगवणाऱ्याचं नाव नसतं. आमच्या तावावर तिन्ही नावं पेन्सिलीने, यावर कुणाचा वाद नव्हता. वाद झाला तो चौथ्या गोष्टीवर. मला डोळा-चोच-पायाचा रंग कुठे आणि कधी पाहिला ते प्रत्येक तावावर हवं होतं. काका म्हणाले, “चित्राखाली पंचनामा कशाला?” मावसबहीण या वेळी माझ्या बाजूने. शेवटी ओळ अशी ठरली:

राखी वटवट्या. डोळा, चोच व पाय जिवंत पक्ष्यावरून, वेताळ टेकडी, ९ जून.

वंचक. विणीतील पाय व चोच जिवंत पक्ष्यावरून, मुठाकाठ, ३० जून. मागील पक्ष्याचे पाय आठवणीवरून.

राखी सातभाई. डोळा जिवंत पक्ष्यावरून, सासवड, २२ सप्टेंबर. दोघींच्या नोंदींत फरक.

दगडी लावा, नर. जिवंत पक्ष्यावरून, सासवड, २७ ऑक्टोबर. मादीचे पाय पाहिलेले नाहीत, नरावरून रंगवले.

शेवटची ओळ काकांना सगळ्यात आवडली. ज्याची त्याची ओळ शंभर तावांवर पेन्सिलीने लिहायची आहे, उद्या संध्याकाळपर्यंत. अक्षर माझं बरं आहे असं दोघांचं म्हणणं पडलं.